उसनी छाती

प्यो मान-बोकनं समुद्र सोडला तो बायकोच्या हट्टापायी. त्याचा थोरला भाऊ ऑक्टोबरातल्या एका सकाळी माकूळ धरायला गेला तो होडीसकट गेला. म्हातारी आई तेरा दिवस किनाऱ्यावर उभी राहून त्याला हाका मारत होती. शेवटी हाती लागला तो त्याचा एक रबरी बूट. तोच पुरला, वर मातीचा उंचवटा केला आणि सगळ्यांनी त्यापुढे डोकं टेकलं. तिथून परतताना मान-बोकची बायको ओक-बुन वाटेतच थांबली.

"बुटापुढे डोकं टेकणं मला जमायचं नाही," ती म्हणाली. "आजच सांगून ठेवते. आपण डोंगरात जाऊ. खाणीत माणूस मेला तर निदान खणून तरी काढतात."

महिन्याभरात दोघं थेबेकच्या डोंगरात आली. मान-बोक तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. उंचीला बेताचाच, पण छाती अशी रुंद की कंपनीच्या सदऱ्याची वरची दोन बटणं त्याला कधी लावताच आली नाहीत. लहानपणी तो आईबरोबर बुड्या मारून शिंपले काढायचा. श्वास कोंडून धरण्यात गावात त्याची बरोबरी करणारं कुणी नव्हतं.

कंपनीच्या चाळीत त्यांना एक खोली मिळाली. शेजारच्या खोलीत थाक सुन-दल राहायचा. मधली भिंत इतकी पातळ की इकडे पातेल्यावर झाकण ठेवलं की तिकडे कळायचं जेवण झालं म्हणून. सुन-दल मान-बोकपेक्षा सहा वर्षांनी मोठा, खडकात ड्रिल मारणाऱ्या टोळीतला जुना गडी. कोळशापर्यंत पोचायला आधी खडक फोडावा लागतो, ते या टोळीचं काम. पहिल्या दिवशी त्यानंच मान-बोकला आत नेलं आणि चालता चालता, गावाकडच्या सोयऱ्यांची ओळख करून द्यावी तशी, खाणीतल्या मरणांची ओळख करून दिली.

"हे छत. हे एका दणक्यात मारतं, पण त्याआधी कुरकुरतं. लाकडाचे टेकू बोलायला लागले की हातातलं टाकून पळायचं, डबाबिबा बघत बसायचं नाही. वायू असतो, तो बोलत नाही. उंदीर पळताना दिसले की समजायचं. म्हणून इथं उंदराला कुणी मारत नाही, भाताचं शेवटचं शीत त्यांचं."

"आणि ही धूळ?" मान-बोकनं विचारलं. दिव्याच्या उजेडात पिठासारखं काहीतरी तरंगत होतं.

"ती होय," सुन-दल म्हणाला. "तिला घाई नसते. ती हप्त्याहप्त्यानं नेते."

महिन्यातून एकदा, पाळी सुरू होण्याआधी, सगळ्यांना अंगणात उभं करून सुरक्षेचा तास व्हायचा. कंपनीचा अधिकारी स्टुलावर चढायचा.

"धूळ छातीत गेली तर काय होतं?"

"छातीचा दगड होतो!" दोनशे माणसं एका सुरात.

"मग तोंडाला काय लावायचं?"

"मास्क!"

"तो कधी काढायचा?"

"कधीच नाही!"

"शाब्बास!"

मग मागून सुन-दलचा हात वर जायचा. "साहेब, ड्रिलला पाणी कधी येणार?"

ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडलं की धूळ उडत नाही, तिचा चिखल होऊन खाली गळतो. हे अधिकाऱ्याला ठाऊक होतं आणि टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण पाण्याचा पाइप जिथं संपायचा तिथून खडक फोडायची जागा चारशे पावलं पुढं होती.

"पाइप मागवलाय."

"गेल्या साली पण मागवला होता. चालत येतोय वाटतं!"

हशा व्हायचा, अधिकारीसुद्धा हसायचा, आणि सगळे आत जायचे. आत गेल्यावर अर्ध्या तासात मास्कमधला कापूस लापशीसारखा व्हायचा. ओल्या गोधडीतून श्वास घ्यावा तसं वाटायचं. रोज किती हात खडक फोडला त्यावर पगार. गडी मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि कामाला लागायचे. संध्याकाळी डुकराचं मांस आणि सोजूची दारू. डुकराच्या चरबीनं घशातली धूळ धुऊन जाते असं सगळे म्हणायचे. एकदा मान-बोकनं विचारलं, "दादा, खरंच जाते का हो?" सुन-दल तोंडातला घास चावत म्हणाला, "घशातली जाते. घशातल्या धुळीनं कधी कोण मेलंय?"

दर वसंतात तालुक्याच्या गावाहून एक गाडी यायची आणि सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायची. ती तीन दिवस राहायची, तीन पाळ्यांसाठी. फोटोत डाग दिसले की त्या माणसाला खाली जायला बंदी. वर, गोदामात किंवा लाकडं रचायला ठेवायचे, आणि पगार निम्म्यावर. कायदा चांगल्यासाठीच होता, त्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण गाडीचा भोंगा ऐकू आला की खाणीतले जुने गडी शाळेतल्या पोरांसारखे हात गार पडून उभे राहायचे.

चौथ्या वर्षी गाडी यायच्या आदल्या दिवशी सुन-दल मान-बोकला मांसाच्या दुकानात घेऊन गेला. तव्यावरचे तुकडे तो उलटत राहिला, खाल्ला मात्र एकही नाही.

"मान-बोक, तुझी छाती एक दिवस उसनी देशील का?"

"परत करणार असाल तर देतो," मान-बोक हसत म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं की समोरचा माणूस हसत नाहीये.

"थोरली पोर कांगनुंगच्या हायस्कुलात गेलीय. दोघी तिच्या मागं आहेत. मला वर पाठवलं तर तिला परत आणावी लागेल." सुन-दल खोकला. "तीन वर्षं, फार तर चार. तिचं शिक्षण होईस्तोवर."

मान-बोकच्या भिंतीपलीकडे तो खोकला रोज चालायचा. तो काय आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याला त्यात देण्याघेण्यासारखं फारसं काही वाटलं नाही. एकदा जास्त रांगेत उभं राहायचं, इतकंच. सुन-दलनं त्याला हात दिला होता, धंदा शिकवला होता.

पहिल्या दिवशी तो स्वतःच्या नावानं उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सदरा बदलून, टोपी घालून, दुसऱ्या पाळीत. "थाक सुन-दल!" अशी हाक आली. तो पुढं झाला. हनुवटी पाट्यावर टेकवली, थंडगार काच छातीला लागली. "श्वास घ्या... धरा." त्यानं धरला. यादी वाचणारा कंपनीचा कारकून बेक त्याला चेहऱ्यानं चांगला ओळखत होता. त्यानं कान खाजवला आणि डोंगराकडं बघितलं. जुना ड्रिलवाला वर गेला की खालचं काम अडतं, हे कारकुनालाही कळत होतं आणि त्याच्या वरच्यांनाही.

सुन-दलच्या नावाचा कागद आला: निर्दोष. त्या दिवशी दोन्ही घरांत मिळून जेवण झालं. सुन-दलची बायको बोंग-न्यो हिनं मान-बोकच्या वाडग्यात इतका भात दाबून भरला की ओक-बुन हसायला लागली.

अशा गोष्टी चाळीत लपत नाहीत. पुढच्या वर्षी गूक छिल-बोंग नावाचा दुसरा जुना गडी दाराशी आला. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी दोघं. मान-बोकला लोक 'काचेची छाती' म्हणायला लागले. तो कुणाकडून काही घ्यायचा नाही. फार झालं तर शेरभर मांस आणि एक बाटली, आणि तीही सगळे मिळून संपवायचे.

ओक-बुनला मात्र हे पटत नव्हतं. ती कोळसा निवडायच्या शेडमध्ये काम करायची, पट्ट्यावरून सरकणाऱ्या कोळशातले दगड वेचायची. एक दिवस किमचीसाठी मुळे चिरता चिरता तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना काय देताय, ते कळतंय का तुम्हाला?"

"पगार देतोय."

"आणखी एक वर्षभराची धूळ देताय."

"मी नाही म्हटलं तर ते दुसरा कुणीतरी गाठतील."

"गाठू देत. तो दुसरा असेल."

तो उठून बाहेर गेला. बायको बरोबर बोलत होती म्हणूनच त्याला राग आला होता.

उसन्या छातीच्या चौथ्या हिवाळ्यात सुन-दलची चाल गेली. चाळीपासून खाणीच्या तोंडापर्यंत तो तीनदा वाकून बुटाची नाडी बांधायचा. मान-बोक शेजारी उभा राहून आपलीही नाडी बांधायचा. दोघांच्याही नाड्या सुटलेल्या नसायच्या. आत गेल्यावर मान-बोक ड्रिल स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा आणि सुन-दलला मागं, हवेच्या नळाजवळ बसवायचा. मुकादम आला की सुन-दल उठून उभा राहायचा. जानेवारीत एकदा तो उठू शकला नाही. कोळशाच्या डब्यातच बसवून त्याला वर आणला.

तालुक्याच्या दवाखान्यात त्याच्या स्वतःच्या छातीचा फोटो निघाला, पाच वर्षांत पहिल्यांदा. मान-बोक सुटीच्या दिवशी भेटायला गेला तेव्हा सुन-दल खाटेवर आडवा नव्हता. रजयांची घडी मांडीवर घेऊन, तिच्यावर कपाळ टेकून बसला होता. आडवं पडलं की श्वास बंद व्हायचा, म्हणून दिवसरात्र असाच.

"थोरली पास झाली," तो रजईतच बोलला. "शाळेत शिकवायला लागेल."

"वहिनींनी सांगितलं."

"मग ठीक आहे." त्यानं दोन श्वास गोळा केले. "मान-बोक, छिल-बोंगला आणखी दोन वर्षं हवीत. त्याचं मला ठाऊक आहे. तू कुणापुढं तोंड उघडू नकोस."

"बरं दादा."

"बरं म्हणालास?"

"म्हणालो."

फेब्रुवारीच्या शेवटी सुन-दल गेला. बर्फ कठीण झालं होतं. वरच्या पायवाटेवर राख टाकून तिरडी न्यावी लागली.

एप्रिलात बोंग-न्यो एक कागद घेऊन शेजारी आली. तिला वाचता येत नव्हतं. ओक-बुननं वाचून दाखवला. खाणीच्या धुळीनं मेलेल्या माणसाच्या बायकोला जे निवृत्तिवेतन मिळतं, ते सरकारी कचेरीनं नाकारलं होतं. मयताची छाती गेल्या वसंतापर्यंत सलग चार वर्षं निर्दोष होती, असं कागदात लिहिलं होतं. अकरा महिन्यांत धुळीचा आजार इतका वाढत नाही. मृत्यू क्षयानं झाला असावा, कामाशी संबंध दिसत नाही.

"निर्दोष," बोंग-न्यो म्हणाली. तिनं तो शब्द परत वाचायला लावला. मग ती मान-बोककडं वळली. "तो त्या दिवशी घरीच असायचा. दरवर्षी. माझ्याबरोबर अंगणात लाकडं फोडत असायचा, आणि तू गाडीत असायचास."

तिनं कागद त्याच्यापुढं धरला.

"तुला कळत होतं ना रे, त्याला काय झालंय ते?"

"कळत होतं वहिनी. दादालाही कळत होतं." आणि मग, बोलू नये ते त्याच्या तोंडून गेलं. "तुम्हाला नव्हतं कळत?"

ओक-बुननं नवऱ्याकडं असं बघितलं की त्याला जीभ तोडून टाकावीशी वाटली. पण बोंग-न्यो रागावली नाही.

"मी त्याच्या उशीचे अभ्रे धुवायची," ती म्हणाली. "तोंडातून जे गळायचं ते काळं असायचं. कितीही चोळलं तरी जायचं नाही. मला कसं कळणार नाही?" तिनं कागदाची घडी केली. "मी पण गप्प बसले. पोरीची फी भरायची होती. पण आता तो गेलाय, मान-बोक. आता तरी त्याची छाती त्याला परत कर."

दोन दिवस मान-बोक कामावर गेला, आला, पण जेवला नाही. मेलेल्याला दिलेला शब्द एकीकडे, जिवंत बाई आणि तिच्या दोन लहान मुली दुसरीकडे. तिसऱ्या दिवशी तो छिल-बोंगकडं गेला. छिल-बोंग दाराशी बसून बूट पुसत होता.

"मी फक्त सुन-दलदादाचं सांगणार," मान-बोक म्हणाला. "तुमचं नाव घेणार नाही."

"घेतलंस तर?"

"घेणार नाही म्हटलं ना."

छिल-बोंगनं बुटावर थुंकी टाकली आणि घासायला लागला. "सांग. तिला मिळायला हवं. पण लेका, माझ्या घरात पाच तोंडं आहेत हे विसरू नकोस."

दवाखान्यातला डॉक्टर यू तरुण होता. या डोंगरात येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. मान-बोकनं सगळं सांगितलं. चार वर्षं सुन-दलच्या नावानं आपण उभे राहिलो, ते फोटो आपले आहेत, असं.  सुन-दलवर उपचार डॉक्टरनंच केले होते आणि निकाल पटला नाही म्हणून त्याचे जुने फोटो कचेरीतून मागवले होते, ते उजेडाच्या पेटीवर एकेक करून लावले. मग सदरा काढायला सांगून मान-बोकचा नवा फोटो काढला आणि तोही शेजारी लावला.

"ही डावीकडची बरगडी बघ. पाचवी. आणि ही सहावी."

दोन्ही बरगड्या मधेच वाकून, गाठ मारल्यासारख्या जुळल्या होत्या. पंचविसाव्या वर्षी वादळात होडीचं लाकूड छातीवर बसलं होतं. गावातल्या वैदूनं समुद्राचं शेवाळ बांधून बरं केलं होतं. मान-बोक ते विसरूनही गेला होता. सुन-दलच्या चारही फोटोंत त्याच बरगड्या होत्या, तशाच वाकड्या.

"हे पुरे आहे," डॉक्टर म्हणाला. मग त्यानं मान-बोककडं नीट बघितलं. "धुळीनं काय होतं ते तुला ठाऊक नव्हतं का?"

"होतं साहेब. दर महिन्याला ओरडून सांगायचो आम्ही."

"तरी?"

मान-बोकला सांगायचं होतं पुष्कळ. पाइपचं, कापसाचं, कांगनुंगच्या हायस्कूलचं. त्यानं सदऱ्याची खालची बटणं लावली. "तरीही," तो म्हणाला.

बोंग-न्योला उन्हाळा संपायच्या आत निवृत्तिवेतन सुरू झालं. पण त्याच्या आधी जे झालं ते मान-बोकच्या ध्यानीमनी नव्हतं. ज्या कचेरीनं एक खोटा फोटो पकडला, ती दुसरे शोधणार नाही कशावरून? त्यांनी त्या खाणीतल्या सगळ्या माणसांचे चार वर्षांचे फोटो बाहेर काढले आणि एक माणूस बसवून वाकड्या बरगड्या मोजायला लावल्या. छिल-बोंगच्या नावाखाली तीन सापडले. दुसऱ्या दोघांच्या नावाखाली दोन-दोन. मान-बोकनं एकाचंही नाव घेतलं नव्हतं.

तिघांना पुन्हा उभं केलं, या वेळी चेहरा बघून. तिघांच्याही छातीत डाग. तिघंही वर. कारकून बेकची बदली झाली. मान-बोकला फसवणुकीबद्दल काढून टाकलं. सुरक्षेच्या तासाला अधिकाऱ्यानं हा विषय उदाहरण म्हणून सांगितला, असं ओक-बुनच्या कानावर आलं. त्या दिवशी पाइपचं कुणी विचारलं नाही. विचारणारा राहिला नव्हता.

ज्या दिवशी छिल-बोंगला कागद मिळाला त्या दिवशी तो चाळीसमोर आला. मान-बोक बाहेर येऊन उभा राहिला.

"मी नाव घेतलं नव्हतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे." छिल-बोंगनं त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. मग दुसरी. मान-बोकनं हात वर केला नाही. छिल-बोंगला तिसरी मारायला दम पुरला नाही. तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, धापा टाकत राहिला, आणि शेवटी मान-बोकनंच त्याला पाठीला धरून पायरीवर बसवलं. शेजारच्या बायका दारांतून बघत होत्या. "पाच तोंडं," छिल-बोंग म्हणत राहिला. "सांगितलं होतं तुला."

निम्म्या पगारावर तो चार महिने राहिला. मग चाळ सोडून डोंगरापलीकडच्या एका लहान खाणीत गेला. तिथं छातीचे फोटो काढत नसत आणि नावही धड विचारत नसत. टेकूची लाकडं ओली होती म्हणतात. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात छत बसलं. छिल-बोंगसकट तिघं आत होते. मालकानं दोन दिवस खणल्यासारखं केलं, मग बोगद्याचं तोंड बुजवून तो गाव सोडून गेला. तिघंही आतच राहिले. ही बातमी ओक-बुननं आणली. पाण्याचा हंडा खाली ठेवून ती बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली, आणि मान-बोकला एकाएकी आपल्या आईचा हाका मारणारा आवाज आठवला.

बाकीच्या दोघांतला एक वरच राहिला, कुरकुरत, मुलांना शाळेतून काढून. तो पुष्कळ वर्षं जगला. ओक-बुन हे कधी कधी नवऱ्याला ऐकवायची, बरं वाटावं म्हणून. त्याला वाटायचं की नाही, ते त्यानं सांगितलं नाही. शेडमधल्या बायकांनी तिला पट्ट्याच्या अगदी टोकाला, जिथं धूळ सगळ्यात जास्त, तिथं उभं केलं. वर्षभर तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं घरी कधी तक्रार केली नाही.

मान-बोक जवळच्या हवांगजी गावात जळणाच्या कोळशाच्या वड्या घरोघर पोचवायला लागला. हातगाडीवर रचून चढावरून ओढायच्या, पायऱ्यांवरून आठ-आठ वाहून न्यायच्या. बारा वर्षं त्यानं ते केलं. पन्नाशीनंतर एका हिवाळ्यात त्याच्या लक्षात आलं की पायऱ्यांच्या मध्यावर आपण थांबतोय आणि बुटाकडं बघतोय.

चाळीत जन्मलेली मुलगी कुम-रान हट्टानं त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर यूचे केस पिकले होते. त्यानं फोटो पेटीवर लावला. बरगड्या तशाच होत्या. पण त्यांच्या मागं बर्फ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके.

"आठ वर्षं ड्रिल मारलीस ना? ती धूळ आत राहते. खाण सुटली तरी आजार वाढतच जातो," डॉक्टर म्हणाला. "अर्ज कर. तुझा जुना फोटो लागेल, तेव्हाचा."

"आहेत की साहेब. पुष्कळ आहेत," मान-बोक म्हणाला. डॉक्टर हसला आणि मग लगेच खिडकीकडं बघायला लागला. बाहेर आल्यावर कुम-राननं विचारलं, "बाबा, पुष्कळ कसे?" त्यानं तिला बसथांब्यापर्यंत सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चाळीत असताना मैत्रिणी आपल्याशी खेळायच्या एकदम का थांबल्या, हे तिला त्या दिवशी कळलं.

खाणी एकेक करून बंद पडत होत्या तेव्हाची गोष्ट. बोंग-न्यो मुलीकडं सपाटीवर राहायला गेली होती, पण सप्टेंबरात, सणाआधी थडग्यावरचं गवत कापायला ती बसनं यायची, आणि मान-बोक विळा घेऊन तिच्याबरोबर वर जायचा. यात एकाही वर्षाचा खंड पडला नव्हता. त्या वर्षी तो पाइनच्या झाडांपर्यंत पोचला आणि एका दगडावर बसला.

"तुम्ही जा वहिनी. मी येतो मागून."

ती थांबली. चौदा वर्षांपूर्वी घरातल्या घरात ऐकलेला तो श्वास तिनं ओळखला. तिनं त्याच्या हातातला विळा घेतला.

"थडग्यावर सोजू मीच ओतते," ती म्हणाली. "तू बस."

ती वर गेली. मान-बोक बसून राहिला. थोड्या वेळानं वरून विळ्याचा आवाज यायला लागला, मधेच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. साठीच्या बाईला एकटीला ते गवत जड जात होतं. तो दोनदा उठला आणि दोनदा परत बसला.

बऱ्याच वेळानं ती उतरली. कपड्यांना गवताची कुसळं चिकटली होती.

"झालं?"

"झालं. कडेचं जरा राहिलं."

"पुढच्या साली काढू," तो म्हणाला.

"हं." ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. खालच्या चाळीतल्या निम्म्या खोल्यांची दारं उघडी पडली होती, माणसं निघून गेलेली. बोंग-न्योनं पिशवीतून सुकवलेला मासा काढला, फाडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तोंडात घातला, पण चावताना श्वास पुरेना, म्हणून तसाच गालात धरून बसला. तिनं घाई केली नाही. ऊन उतरलं तेव्हा ती उठली, विळा एका हातात घेतला आणि दुसरा हात त्याच्यापुढं केला.